दुकानात मेव्हणा: लावायला दोघांची सही, काढायला एकाची

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावी हार्डवेअर, पेंट आणि प्लंबिंगचं दुकान. तुम्ही आणि धाकटा भाऊ निम्मे-निम्मे भागीदार. दुकानात 11 माणसं. भावाच्या मेव्हण्याला 3 वर्षांपूर्वी काउंटरवर घेतलं, पगार 28,000. दुकानात 19 वर्षं काढलेला सेल्समन 21,000 वर आहे. मेव्हणा उशिरा येतो, गवंडी-प्लंबरना परस्पर उधारी देतो, मनाला येईल तशी सूट देतो. तुम्ही काही बोललात की भाऊ चिडतो, भावजय म्हणते माझ्या माहेरचा अपमान झाला, आई म्हणते सांभाळून घ्या. आता काढू की ठेवू, असं तुम्ही विचारलंय. आणि अगदी शेवटी, जाता जाता, लिहिलंय की तुमचा मुलगा पुढच्या वर्षी इंजिनिअरिंग संपवून दुकानात येणार आहे.

ती शेवटची ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची आहे. तुमच्या भावाच्या जागी बसून बघा. दादा आहेत, वर्षभरात दादांचा मुलगा येणार, आणि त्याच सुमाराला माझ्या बाजूचं एकुलतं एक माणूस काढायची भाषा सुरू झाली. अशा वेळी भाऊ मेव्हण्याची बाजू घेतोय असं वरून दिसतं, पण तो दुकानातली स्वतःची जागा राखत असतो. कुटुंबाच्या दुकानांची भांडणं मी बघतो त्यांत हे फार वेळा असतं. म्हणून 'मेव्हण्याचं काय करायचं' हा विषय एकट्याने काढू नका. 'दुकानात नातेवाईक कोणत्या अटींवर काम करेल' हा विषय काढा, आणि त्यात तुमचा मुलगा पहिल्या दिवसापासून धरा. मुलगा धरला नाहीत तर पुढचं काहीही चालणार नाही.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. मेव्हणा पुण्यातली नोकरी सोडून 'पुढे तुला भागीदारी देऊ' अशा शब्दावर आला असेल, तर त्याच्याशी नुसता नोकर म्हणून हिशेब करता येणार नाही. तो शब्द कोणी दिला, काय दिला, हे भावाकडून स्पष्ट काढून घ्यावं लागेल. त्याने किंवा त्याच्या वडिलांनी दुकानात पैसे घातले असतील तर ते आधी वेगळे करा: कर्जाऊ असतील तर व्याजासकट परतीच्या तारखा ठरवा. दुकान अजून वडिलांच्या नावावर असेल तर निर्णय वडिलांचा. आणि मेव्हणा कामाला खरोखर चांगला असेल, फक्त वेळेला ढिला असेल, तर तो काढण्यासारखा प्रश्नच नाही. खालचं सगळं तुम्ही सांगितलेल्या चित्रावर आहे: दोनच भागीदार, कुठलाही लेखी शब्द नाही, काम मध्यम.

आता पैशापासून सुरू करतो, कारण तिथे मोजता येतं. त्याच्या कामाचा तुमच्या गावातला भाव काय? काउंटरवर बसणारा, बिल करणारा, आठवड्यातून दोन दिवस वसुलीला जाणारा माणूस उद्या बाहेरून आणला तर त्याला काय द्याल? समजा 16,000. म्हणजे मेव्हण्याच्या 28,000 मध्ये 16,000 पगार आहे आणि 12,000 भावाच्या सासरच्या माणसांना केलेली मदत आहे. मदत करण्यात काहीच वाईट नाही. पण ती वर्षाला 1,44,000 होते आणि त्यातली निम्मी, 72,000, तुमच्या खिशातून जाते. तुम्हाला ते नक्की माहीत नसतं, पण जाणवत असतं, आणि मग राग मेव्हण्याच्या उशिरा येण्यावर निघतो.

उपाय साधा आहे आणि बहुतेक घरांत तो कुणी सुचवत नाही. मेव्हण्याचा पगार 16,000 करा. उरलेले 12,000 भावाने द्यावेत, स्वतःच्या उचलीतून, म्हणजे भागीदार म्हणून तो घरखर्चाला दुकानातून काढतो त्या पैशातून. दुकानाच्या पुस्तकात ते भावाच्या खात्याला नावे पडतील आणि वर्षाअखेरीला त्याच्या भांडवलातून वजा होतील. पगाराच्या खर्चात ते दिसणार नाहीत. सीएंना सांगितलं की ते सहज बसवून देतात. भावाला सासरी मदत करायचा पूर्ण अधिकार राहतो, फक्त ती आता तो स्वतः करतो. दोन-तीन महिन्यांत यातून बरंच काही आपोआप ठरतं. भावाला मदत परवडते की नाही, किती द्यायची, किती दिवस, हे तो आणि त्याची बायको ठरवतात. तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही.

पगार बँकेतून द्या, नियुक्तिपत्र द्या. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात आणि त्यात प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र द्यायचं आहे. घरचा माणूस म्हणून कागद टाळू नका, घरच्याच माणसाला कागदाची जास्त गरज असते. आणखी एक: भागीदाराच्या नातेवाईकाला बाजारभावापेक्षा जास्त पगार दिला तर जास्तीचा भाग आयकरात खर्च म्हणून नाकारता येतो, हा 1961 च्या कायद्यापासून चालत आलेला नियम आहे. त्या कायद्यातल्या व्याख्येत नवरा-बायको, भाऊ-बहीण आणि सरळ रेषेतले आई-वडील, मुलं, नातवंडं येतात. बायकोचा भाऊ त्यात येत नाही. तुमचा मुलगा मात्र येतो. तेव्हा मुलाचा पगार ठरवताना ही काळजी जास्त घ्यावी लागेल.

आता सूट आणि उधारी. इथे तुम्ही रागाच्या भरात चोरीचा शब्द उच्चारला तर परतीचा रस्ता राहणार नाही, म्हणून आधी माप लावा. तुमच्या बिलिंगच्या संगणकावर किती जणांची वेगळी लॉगिनं आहेत? बहुतेक दुकानांत एकच असतं आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ असतो. मग सूट कुणी दिली हे कळायला मार्गच नाही. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा, तुमचं आणि भावाचंसुद्धा. सूट देण्याची मर्यादा प्रत्येक माणसाला घालून द्या: काउंटरला समजा 5 टक्के, त्यापुढे तुम्ही किंवा भाऊ. उधारीची मर्यादा ग्राहकावर घाला. अमुक प्लंबर 25,000 पर्यंत, 30 दिवस, आधीचं आलं नाही तर नवीन माल नाही. मर्यादा ओलांडली की बिल अडकतं आणि कोणालाही तोंडावर 'नाही' म्हणावं लागत नाही. मेव्हण्यालाही ते सोयीचं पडतं, कारण मिस्त्री त्याच्या गळ्यात पडतात ते 'तुम्ही तर घरचे' म्हणूनच.

हे 'घरचे' प्रकरण कायद्याच्या बाजूनेही समजून घ्या. ग्राहक आणि कंपनीचे प्रतिनिधी त्याला 'धाकटे शेठ' म्हणत असतील आणि तुम्ही ते चालू दिलं असेल, तर त्याने दिलेला शब्द दुकानावर येऊ शकतो. तुमच्या वागण्यावरून समोरच्याला वाटलं की याला अधिकार आहे, तर नंतर 'आम्ही परवानगी दिली नव्हती' म्हणून हात झटकता येत नाहीत. म्हणून पुरवठादारांना एक साधं पत्र किंवा मेसेज पाठवा: खरेदीची ऑर्डर फक्त या दोन नंबरांवरून ग्राह्य. कुणाचं नाव घ्यायची गरज नाही.

मालाची मोजणी आठवड्यातून एकदा करा, पण सगळ्या दुकानाची नको. छोट्या, महाग, पटकन विकल्या जाणाऱ्या 10 वस्तू निवडा: पितळी कॉक, डायव्हर्टर, वायरची 90 मीटरची बंडलं, चांगल्या कंपनीची कुलपं, ड्रिलचे बिट असं काही. मोजणी जुन्या सेल्समनने आणि मेव्हण्याने मिळून करायची, सही दोघांची. फरक आला की लगेच संशय घेऊ नका. हार्डवेअरमध्ये फरक येण्याची साधी कारणंच जास्त असतात. पीव्हीसी पाइप खरेदीत 20 फुटी नग म्हणून चढतो आणि विक्रीत फुटावर जातो. स्क्रू डब्यावर येतात, जातात नगावर. मिस्त्रीने परत आणलेला माल रॅकमध्ये जातो, संगणकात जात नाही. बिलाआधी नुसत्या डिलिव्हरी चलानावर गेलेल्या मालाचं बिल व्हायचं राहतं. ही चार छिद्रं बुजवल्यावरही फरक राहिला, आणि तो एकाच माणसाच्या पाळीत राहिला, तरच पुढचा प्रश्न विचारा.

काउंटरवरचा क्यूआर कोड मात्र आज संध्याकाळीच बघा. स्वतः 1 रुपया पाठवा आणि नाव कुणाचं येतं ते वाचा. दुकानाच्या खात्याऐवजी एखाद्याचा स्वतःचा कोड तिथे चिकटवलेला असतो, बऱ्याचदा 'दुकानाचं मशीन बंद होतं म्हणून' असं सरळ कारण असतं, पण तो एक दिवसही राहता कामा नये. तसंच पेंटच्या डब्यातलं टोकन, म्हणजे कंपनीने पेंटरसाठी घातलेलं बक्षिसाचं कूपन. डबा टिंटिंगसाठी, म्हणजे रंगाची छटा मिसळायला, उघडला की टोकन काउंटरवर निघतं आणि ते पेंटरला मिळायचं असतं. ते मध्येच कुठे जातंय हे पेंटर तुम्हाला सांगणार नाही, पुढच्या वेळी शेजारच्या दुकानात जाईल. टोकनं डब्याच्या झाकणाला चिकटटेपने लावून द्यायची, असा नियम घाला.

तुमच्या जुन्या सेल्समनबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंय, पण मला त्याची काळजी जास्त वाटते. 7,000 चा फरक त्याला माहीत आहे, पगाराची गोष्ट 11 माणसांत लपत नाही. अशी माणसं तक्रार करत नाहीत. ती सांगणं बंद करतात. अमुक ग्राहकाचा चेक परतला होता, तमुक माल संपत आलाय, हे आधी न विचारता कळायचं ते आता विचारल्याशिवाय कळत नाही. हे तुमच्याकडे सुरू झालं असेल तर समजा की वेळ थोडा आहे. मेव्हण्याचा पगार बाजारभावावर आणाल त्याच महिन्यात याचा वाढवा. मेव्हण्यासमोर नाही, त्याच्याशी तुलना करून तर नाहीच.

आता मुख्य कागद. तुम्ही दोघेच भागीदार आहात. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 12 प्रमाणे रोजच्या कामकाजातला मतभेद बहुमताने सुटतो. दोघांत बहुमत होत नाही. एकाचं हो आणि एकाचं नाही म्हणजे जे चाललंय ते चालत राहतं, आणि तुमच्याकडे 3 वर्षं तेच झालंय. म्हणून भागीदारीच्या करारनाम्याला पुरवणी जोडा. मी सुचवतो तो नियम असा: नातेवाईक कामावर घ्यायला दोघा भागीदारांची लेखी संमती, आणि दोघांपैकी एकाने लेखी संमती काढून घेतली की 3 महिन्यांच्या नोटिशीने ते काम संपतं. लावायला दोन सह्या, काढायला एक.

लोकांना हा नियम कडक वाटतो. पण उलटा विचार करून बघा. काढायलाही दोघांची संमती लागली तर लावलेला माणूस कधीच हलत नाही, आणि ज्याच्या बाजूचा माणूस आहे त्याला कधी बोलावंही लागत नाही. एका सहीने काढता येत असेल तर नातेवाईकालाही कळतं की आपल्याला दोन्ही मालकांशी नीट राहायचंय, एका मालकाच्या आड उभं राहून भागणार नाही. एका भागीदाराने सूडाने सही काढून घेतली तर? म्हणून नोटीस 3 महिन्यांची ठेवायची, आणि संमती काढताना कारण लिहून द्यायचं. कारण लिहावं लागलं की अर्धे राग तिथेच थांबतात. पुरवणी स्टॅम्प पेपरवर करा, दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या.

त्याच कागदात वरिष्ठ कोण ते लिहा. नातेवाईकाला काम सांगणारा, रजा देणारा, चूक दाखवणारा एकच माणूस असावा, आणि तो त्याचा जवळचा नसावा. म्हणजे मेव्हण्याचं काम तुम्ही बघायचं आणि तुमच्या मुलाचं काम त्याच्या काकाने. पहिल्यांदा ऐकताना हे उलटं वाटतं. पण तुम्ही मेव्हण्याशी अन्यायाने वागलात तर तुमचा मुलगा काकाच्या हाताखाली आहे, हे तुम्हाला रोज आठवेल. भावालाही तसंच.

बोलायचं कसं, याकडे येतो, कारण इथेच बहुतेक जणांचं बिघडतं. पहिली बैठक फक्त तुम्ही दोघं भाऊ. दुकानात नको, घरीही नको, मेव्हणा आणि आई दोघंही ऐकण्याच्या अंतरावर नकोत. तालुक्याबाहेर कुठे माल बघायला जाताना गाडीतले दोन तास चांगले. सुरुवात तुमच्या मुलापासून करा: "पुढच्या वर्षी हा येतोय. त्याला काय पगार द्यायचा, त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, नाही जमलं तर काय, हे तू ठरव." मग तेच नियम मेव्हण्याला लावायचे, हा मुद्दा बहुधा भावाच्याच तोंडून येतो. नाही आला तर तुम्ही मांडा. उशिरा येण्याच्या तारखांची यादी खिशात घेऊन जाऊ नका. यादी निघाली की भाऊ वकिली करतो.

दुसरी पायरी: भावजयीला हे तिच्या नवऱ्याकडून कळलं पाहिजे, दुकानातल्या पोराकडून नाही. आणि आधी कळलं पाहिजे. तुम्ही स्वतः तिच्या वडिलांना फोन करू नका, कितीही चांगल्या हेतूने असला तरी. तो फोन 'मुलीच्या सासरच्यांनी तक्रार केली' असाच पोचतो. तिसरी पायरी मेव्हण्याशी बोलणं, तिथे तुम्ही दोघंही हवेत आणि बोलायचं भावाने. तुम्ही फक्त सोबत बसायचं.

मेव्हण्यासमोर 3 महिन्यांचं स्पष्ट काम ठेवा. सकाळी 9 ला शटर उघडण्याची जबाबदारी त्याची, किल्ली त्याच्याकडे. ज्याच्याकडे किल्ली असते तो उशिरा आला तर सगळे बाहेर उभे राहतात, वेगळी हजेरी लागत नाही. थकलेल्या 25 खात्यांची यादी त्याला द्या, त्यातली जास्तीत जास्त त्यानेच दिलेल्या उधारीची असू देत. दर शनिवारी किती आले, किती बाकी, हे एका कागदावर. वसुली ठरलेल्या आकड्याच्या पलीकडे गेली तर वरच्या रकमेवर 1 टक्का त्याला द्या. कोणत्या तारखेला बसून बघायचं तेही आत्ताच सांगा. नातेवाईकाला सगळ्यात जास्त त्रास होतो तो आपल्याबद्दल घरात काय चाललंय ते न कळल्याचा.

3 महिन्यांनी जमलं तर प्रश्न संपला, पगार कामाप्रमाणे वाढवत जा. नाही जमलं तर निरोप नीट द्या. वेतन संहितेप्रमाणे माणूस गेल्यावर त्याचा हिशेब 2 कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा असतो, शिल्लक रजा-पगार सगळा. त्याच्या लॉगिनचा पासवर्ड आणि किल्ल्या त्याच दिवशी, पण सगळ्यांच्या बदलल्या तशा बदला, एकट्याला वगळल्यासारखं दिसू नये. भावाला त्याला पुढे काही महिने मदत करायची असेल तर ती भावाच्या उचलीतून. आणि एक धोका ओळखून ठेवा: अशा वेळी घरातून सूचना येते, 'त्याला शेजारच्या गावात छोटं दुकान काढून देऊ, माल आपल्याकडून उधारीवर.' चांगली सूचना आहे, पण पहिल्या मालाची किंमत ठरवून भावाच्या खात्याला नावे टाका, आणि त्यानंतर त्याला बाकी ग्राहकांसारखीच मर्यादा लावा. नाहीतर दोन वर्षांत त्याचं थकलेलं खाते हाच तुमचा नवा वाद असतो, आणि तो पगाराच्या वादापेक्षा कितीतरी मोठा.

तुमच्या मुलाबद्दल. शक्य असेल तर त्याला आधी 2 वर्षं बाहेर नोकरी करू द्या, पंप किंवा पाइप बनवणाऱ्या कंपनीच्या विक्रीत, किंवा एखाद्या मोठ्या वितरकाकडे. उधारी मागायला गेल्यावर ग्राहक काय काय कारणं सांगतो, हे त्याने मालकाचा मुलगा नसताना शिकलेलं बरं. दुकानात आला की सुरुवात गोडाऊनपासून, पगार त्या कामाचा, बाकीचे पैसे तुमच्या उचलीतून. मेव्हण्याला लावलेला प्रत्येक नियम त्याला लागलेला दिसला पाहिजे, विशेषतः भावजयीला. तिने हे एकदा पाहिलं की 'माहेरचा अपमान' हा मुद्दा राहत नाही, कारण सासरच्या पोरालाही तेच मिळालंय.

वेळ निवडताना दसरा-दिवाळी टाळा. त्या दीड-दोन महिन्यांत रंगाची गिऱ्हाइकं इतकी असतात की सगळे थकलेले असतात आणि थकलेल्या माणसांचं बोलणं लागतं. भावाशी बैठक दिवाळीनंतर करा, पगाराचा आणि उचलीचा बदल 1 एप्रिलपासून करा, नवीन वर्षाच्या पुस्तकांत तो स्वच्छ बसतो. लॉगिन, सूट-उधारीची मर्यादा आणि क्यूआर यांना मात्र कुणाची वाट बघायची गरज नाही, त्या सगळ्यांना सारख्या लागू आहेत.

राहता राहिल्या आई. त्यांना पगाराचे आकडे सांगू नका, बाजू घ्यायला लावू नका. दोघा भावांनी मिळून एकदा त्यांच्यासमोर बसून सांगा की आम्ही ठरवलंय आणि दोघांचं एकमत आहे. 'सांभाळून घ्या' म्हणताना त्या मेव्हण्याबद्दल जितकं म्हणतात त्याहून जास्त तुम्हा दोघांबद्दल म्हणत असतात. तुम्ही दोघं एका बाजूला बसलेले दिसलात की बहुधा त्या पुढे काही विचारणार नाहीत. विचारलंच तर उत्तर भावाला देऊ द्या.